मागच्या ब्रेकवर पुन्हा पुन्हा ऑइल येतंय? चौथं सील आणण्याआधी हे बघा

हँडब्रेक ओढूनही गाडी उतारावर हळूच सरकते. जोरात ब्रेक दाबला की मागून एका अंगाला ओढते. चाकाच्या आतल्या बाजूने टायरवर काळे, तेलकट ओघळ दिसतात. ड्रम (चाकामागचा ब्रेकचा डबा) उघडला की ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे तुकडे, ऑइलने भिजलेले. सील (ॲक्सलचं ऑइल अडवणारी कडी) बदलायचं, शू बदलायचे, गाडी जोडायची, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच ओघळ.

माझ्या 1960 च्या दशकातल्या सलून गाडीवर मी हा खेळ तीनदा खेळलो. चौथ्यांदा मात्र नवं सील आणलंच नाही. आख्खा मागचा ॲक्सल गाडीखालून काढला, पूर्ण खोलला आणि दोष कुठे आहे ते आधी शोधलं. सीलमध्ये दोष कधी नव्हताच. सील बिचारं मार खाणारं होतं, मारणारे दुसरेच होते. आणि माझ्या बाबतीत ते एक नाही, दोन निघाले, म्हणून इतके दिवस चकलो.

ज्यांची गाडी जुन्या पद्धतीच्या सलग ॲक्सलची आहे, म्हणजे मध्ये डिफरन्शियल (ताकद दोन्ही चाकांत वाटणारी गिअरपेटी, पुढे नुसतं ‘डिफ’), दोन्हीकडे नळ्या आणि नळ्यांत चाकं फिरवणारे हाफ शाफ्ट, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी खात्री करा, ते ॲक्सलचं ऑइलच आहे का

ड्रममध्ये तीन गोष्टी गळू शकतात: ॲक्सलचं गिअर ऑइल, व्हील सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल आणि बेअरिंगचं वितळलेलं ग्रीस. धुळीत मिसळल्यावर तिन्ही सारखीच काळी दिसतात. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो आणि एकदा ओळखला की तो वास विसरत नाही. तरी शंका असेल तर एक थेंब पाण्यात टाका. नेहमीचं डॉट 3 किंवा डॉट 4 ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, गिअर ऑइल तरंगत राहतं. ब्रेकमध्ये सिलिकॉनचं डॉट 5 भरलं असेल तर ही परीक्षा कामाची नाही, कारण तेही पाण्यात मिसळत नाही. मग सिलिंडरचं रबरी बूट उचलून आत ओल आहे का ते सरळ बघावं.

ड्रम उघडताना एक सांभाळा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, फडकं ओलं करून पुसा.

कधी गळतं आणि कुठल्या बाजूला गळतं

हे दोन प्रश्न मी पहिल्या तीन वेळेला स्वतःला विचारलेच नाहीत. पाना हातात घेण्याच्या घाईत राहून गेले.

दोन्ही चाकांना एकदमच गळती लागली असेल तर दोन सीलं एकाच आठवड्यात मेली असं धरू नका. दोन्हीकडे सारखं असलेलं काहीतरी बिघडलंय: आतला दाब किंवा ऑइलची पातळी. एकाच बाजूला गळत असेल तर त्या बाजूचा शाफ्ट, बेअरिंग किंवा हाऊसिंगचं (ॲक्सलच्या बाहेरच्या कवचाचं) टोक तपासायचं. लांबच्या सलग प्रवासानंतर गळती वाढते आणि गावातल्या गावात फिरताना थांबते, तर संशय दाबावर. गाडी आठवडाभर उभी असताना, त्यातून तिरकी उभी असताना, खालच्या बाजूला ओल येत असेल तर ऑइल जास्त भरलंय किंवा सीलचा ओठ (आतली घासणारी कड) शाफ्टवर नीट टेकत नाही.

ऑइल नेमकं कुठून फुटतं ते कळत नसेल तर बॅकप्लेट (ब्रेकमागची पत्र्याची थाळी) आणि हबची (चाक ज्यावर बसतं त्या भागाची) आतली बाजू डिग्रीझरने स्वच्छ धुऊन कोरडी करा, वर टाल्कम पावडर भुरभुरा आणि गाडी थोडी चालवून आणा. पांढऱ्यावर पहिली काळी रेघ जिथे उमटेल ती वाट. सीलचा ओठ सोडून ऑइलला बाहेर यायला इतरही वाटा असतात. सीलचा बाहेरचा काठ आणि हाऊसिंग यांच्यात ओरखडा असेल तर तिथून येतं. हबचं कागदी पॅकिंग फाटलं असेल तर तिथून येतं. आणि ज्या गाड्यांत सील थेट शाफ्टवर न फिरता शाफ्टवर सरकवलेल्या कॉलरवर फिरतं, तिथे ऑइल कॉलरच्या खालून, स्प्लाइनच्या (शाफ्टवरच्या लांबट दात्यांच्या) खाचांतून सरपटत येतं. तिथे कितीही सीलं बदला, गळती हलणार नाही. स्प्लाइनच्या तोंडाशी सीलंटचं पातळ बोट फिरवावं लागतं.

ब्रीदर: माझा पहिला गुन्हेगार

ॲक्सलच्या नळीवर, बहुतेक डिफच्या जवळ वरच्या अंगाला, एक बारीक भोक किंवा टोपीवालं छोटं नळकांडं असतं. तो ब्रीदर. गाडी चालली की गिअर आणि ऑइल तापतं आणि आतली हवा फुगते. ब्रीदर उघडा असेल तर ती निघून जाते. तो बुजला असेल तर हिशोब सोपा आहे: आतली हवा 20 अंशांवरून 80 अंशांवर गेली की दाब साधारण एक पंचमांशाने वाढतो. ओठाचं साधं सील ऑइल अडवायला असतं, दाबाखालचं ऑइल कोंडून धरायला नाही. शिवाय दाबामुळे ओठ शाफ्टवर जास्त घासतो, तापतो आणि लवकर कडक होतो. म्हणजे आज ब्रीदर मोकळा केला तरी आधीच भाजलेलं सील गळत राहतं, आणि आपण म्हणतो, ‘ब्रीदर नव्हता वाटतं.’

माझा ब्रीदर चिखलाने बुजला नव्हता. मीच बुजवला होता. गाडी हातात आल्यावर पहिल्याच वर्षी ॲक्सल घासून, प्रायमर मारून, काळ्या चकचकीत रंगाचे दोन हात दिले होते. ब्रीदरच्या टोपीखाली रंग छान भरला होता. गळतीची सुरुवात त्या रंगकामानंतरची, हे माझ्या लक्षात यायला तीन सीलं जावी लागली.

ब्रीदर खोलून रॉकेलमध्ये बुडवा आणि फुंकून बघा. हवा अगदी सहज आरपार गेली पाहिजे. तो जिथे बसतो त्या भोकातही तार घाला, कारण नळीच्या आत साचलेला गाळ वरून दिसत नाही.

त्याच बैठकीत ऑइलची पातळी बघून टाका. गाडी सपाट जमिनीवर, आणि ऑइल फिलरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत. मागची चाकं जॅकवर वर असताना भरलं, तर पातळी भलतीच होते. हो, आणि ऑइल काढायचं असेल तर आधी फिलरचा बोल्ट सुटतो का ते बघा. ड्रेन उघडून सगळं ऑइल खाली आलं आणि मग फिलर जाम निघाला तर रिकामा ॲक्सल घेऊन बसायची वेळ येते.

हाफ शाफ्ट काढताना

पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि तेच आपण खोलणार आहोत, म्हणून त्याचा भरवसा नाही. गाडी स्टँडवर, फक्त जॅकवर कधीच नाही.

हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावीने बसवलेला असेल तर तो चांगलाच चिकटलेला असतो. हातोड्याने ठोकून काढायला गेलात तर आतल्या बेअरिंगला आणि डिफला तो मार बसतो. योग्य मापाचा पुलर लावा, ताण द्या आणि पुलरच्या स्क्रूच्या डोक्यावर एक ठोका मारा. शाफ्टची नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर ठेवा. निमुळता हब सुटतो तेव्हा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, आणि नट नसेल तर समोर आपण असतो. काही गाड्यांत एका बाजूच्या नटला उलटे आटे असतात. जोर लावण्याआधी मॅन्युअल बघा, नाहीतर सोडवतोय समजून आवळत बसाल.

शाफ्ट बाहेर आला की सील जिथे घासतं तो भाग पुसून उजेडात धरा आणि नखाची कड त्यावरून आडवी फिरवा. नख अडकलं की चरा आहे. माझ्या डाव्या शाफ्टवर एक चकचकीत, सुंदर रिंग दिसत होती आणि दरवेळी मी तिला ‘घासून गुळगुळीत झालंय, उत्तमच’ म्हणून सोडलं होतं. ते गुळगुळीत नव्हतं, खोलगट होतं. नव्या सीलचा ओठ बरोबर त्याच खोबणीत बसायचा, थोडे दिवस टिकायचा आणि गळायचा. हा माझा दुसरा गुन्हेगार.

यावर तीन उपाय आहेत. जागा असेल तर सील दीड-दोन मिलिमीटर कमी किंवा जास्त खोल बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या धातूवर येतो. खर्च शून्य, फक्त सील मागच्या बेअरिंगला टेकत नाही आणि ऑइल परतीचं भोक झाकत नाही एवढं बघा. दुसरा उपाय दुरुस्तीची बाही: पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची स्टीलची पातळ नळी शाफ्टवर दाबून बसवतात, सील तेच मूळ मापाचं चालतं. मी तोच केला. तिसरा, लेथवर धातू भरून पुन्हा ग्राइंड करणं. पण हाफ शाफ्टवर वेल्डिंगची उष्णता मला पटत नाही. शाफ्ट वळणाचा पीळ सोसतो, आणि तडा गेला तर चाकासकट बाहेर येतो.

पॉलिश पेपरबद्दल एक इशारा. चरा हलका असेल तर बारीक पेपरची पट्टी शाफ्टभोवती धरून शाफ्ट फिरवतात, ते ठीक. पण फिरवताना पट्टी बाजूला सरकवत नेऊ नका. तशाने शाफ्टवर डोळ्याला न दिसणारे आटे पडतात आणि शाफ्ट फिरताना ते ऑइल पंपासारखं ढकलतात. एका चाकावर हे ऑइल आत खेचलं जातं आणि दुसऱ्यावर बाहेर, म्हणून एक बाजू कोरडी राहून दुसरी गळते आणि माणूस चक्रावतो.

बेअरिंग, आणि नळी सरळ आहे का

शाफ्ट काढण्याआधीच हब हाताने वर-खाली हलवून बघायला हवं होतं, पण ज्यांनी ते केलं नाही त्यांनी आता बेअरिंग बोटावर फिरवून बघावं. झिजलेल्या बेअरिंगमध्ये शाफ्ट मध्यावर राहत नाही, किंचित हेलकावत फिरतो. सीलचा ओठ काही अंशी त्याच्या मागे जातो, पण वेग वाढला की मागे पडतो आणि मधल्या फटीतून ऑइल निसटतं.

काही गाड्यांत बेअरिंगच्या मागे दाबून बसवलेली एक कडी असते आणि तीच चाकाला गाडीत धरून ठेवते. ती काढताना ड्रिलने अर्ध्याहून जास्त खोल भोक पाडा, पण शाफ्टला ड्रिल लागू देऊ नका, मग छिन्नीचा एक घाव घालून कडी फोडा. कडी एकदाच वापरायची. नवी कडी आणि बेअरिंग प्रेसवर वेगवेगळी दाबा, दोन्ही एका दमात नको. उघडं बेअरिंग ऑइलमध्ये 100 ते 110 अंशांपर्यंत तापवून बसवता येतं. आत ग्रीस भरलेलं सीलबंद बेअरिंग मात्र तापवू नका.

हाऊसिंग वाकलंय का हे घरीही कळतं. मागच्या दोन्ही रिमांमधलं अंतर ॲक्सलच्या पुढच्या आणि मागच्या बाजूने, एकाच उंचीवर मोजा. मग चाकं अर्धा फेरा फिरवून परत मोजा, म्हणजे रिमच वाकडी असेल तर फसगत होणार नाही. अंतरात ठळक फरक असेल तर कुणीतरी कधीतरी चाक खड्ड्यात जोरात आपटलंय. अशा नळीत सीलच्या जागी शाफ्ट मधोमध येत नाही. तिथे दुसरं हाऊसिंग शोधणंच शहाणपणाचं.

डिफ उघडावं का?

डिफ आवाज करत नसेल, क्राऊनचे (डिफमधल्या मोठ्या गिअरचे) दात सारखे झिजलेले असतील आणि ऑइलमध्ये धातूची कपची नसेल तर उघडू नका. गळती थांबवायला निघालेला माणूस चांगलं चाललेलं डिफ खोलतो आणि पुढचं वर्ष त्याचा ‘ऊंऽऽ’ आवाज ऐकत बसतो. मी उघडलं, कारण माझ्या ऑइलमध्ये पितळी चकाकी होती आणि गिअर सोडून पकडताना मागून ‘ठक्’ असा आवाज यायचा. आत साइड गिअरमागचे पितळी थ्रस्ट वायसर कागदासारखे झाले होते.

उघडायचंच असेल तर बेअरिंगच्या टोप्यांवर आधी पंचने खुणा करा. त्या हाऊसिंगबरोबरच बोअर केलेल्या असतात, डावी उजवीकडे चालत नाही. क्राऊन आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) ही जोडी कारखान्यात एकत्र घोटलेली असते, तिला फोडू नये. दात मोजून बघा, गंमत आहे. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या 3.909 गुणोत्तरात क्राऊनला 43 आणि पिनियनला 11 दात असतात. दोन्ही आकड्यांना सामाईक भाजक नाही, म्हणून प्रत्येक दात समोरच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी पसरते.

पिनियनच्या बेअरिंगचा आधीचा ताण, म्हणजे प्रीलोड, मोजायला महागडं हत्यार नसेल तर पिनियनच्या फ्लँजला (बाहेरच्या टोकाच्या तबकडीला) दोरी गुंडाळा आणि स्प्रिंग काट्याने ओढा. फ्लँजची त्रिज्या 5 सेंटिमीटर आणि फिरता ठेवायला 4 किलो ओढ लागत असेल तर 20 किलो-सेंटिमीटर झालं, म्हणजे जवळपास 2 न्यूटन-मीटर. आकडा तुमच्या मॅन्युअलमधलाच घ्या, आणि जुनं बेअरिंग परत वापरत असाल तर नव्यासाठी दिलेला आकडा लावू नका. दोन बेअरिंगांमध्ये चेपणारी नळी असेल तर नट हळूहळू आवळा. ती जास्त चेपली की नट सैल करून भागत नाही, नवी नळी लागते.

जोडल्यावर दातांना रंगाची पेस्ट लावून फिरवा. ठसा दाताच्या मध्यावर हवा. ठसा मुळाशी गेला तर पिनियन जास्त आत आहे, टोकाशी आला तर जास्त बाहेर. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी फट, बहुतेक गाड्यांत 0.10 ते 0.20 मिलिमीटरच्या घरात असतो, पण क्राऊनवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा असेल तर तोच खरा.

सील बसवताना केलेली चूक

दुसऱ्यांदा गळालं ते माझ्या हातांनी. नवं सील हाऊसिंगमध्ये बसवलं आणि जड शाफ्ट त्यातून सरकवताना त्याचा भार ओठावर टेकू दिला. स्प्लाइनच्या धारेने ओठ कापला. आता स्प्लाइनवर टेप गुंडाळतो, शाफ्ट एका हाताने खालून उचलून धरतो आणि सरळ रेषेत आत नेतो, आणि टेप शक्य तिथे दुसऱ्या बाजूने काढतो. ओठावर आधी ग्रीस लावायचं, कोरडं सील पहिल्याच किलोमीटरला जळतं. बारीक स्प्रिंगवाली बाजू ऑइलकडे. मूळ सील कातड्याचं असेल आणि तसंच वापरायचं असेल तर ते आधी ऑइलमध्ये मुरत ठेवा.

ऑइलने भिजलेले शू भट्टीवर भाजून, पेट्रोलने धुऊन परत लावायची जुनी सवय आहे. धुतलेले शू गार असताना पकडतात आणि तापल्यावर आतलं ऑइल पुन्हा पाझरतं. दोन्ही बाजूंचे एकदमच नवे लावा. एका बाजूचे बदलले तर ब्रेक ओढायचा राहतो आणि तुम्ही पुन्हा गळती शोधायला लागता.

भरताना मॅन्युअल जे म्हणतं तेच ऑइल. हायपॉइड क्राऊन-पिनियनमध्ये दात एकमेकांवर घसरतात, म्हणून त्यांना ईपी (प्रचंड दाब सोसणाऱ्या) प्रकारचं गिअर ऑइलच हवं, इंजिन ऑइल नाही. जीएल-4, जीएल-5 हे गिअर ऑइलचे दर्जे; काही जीएल-5 ऑइलांतली रसायनं पितळी वायसरांना खातात. म्हणून मॅन्युअलमध्ये जीएल-4 लिहिलं असेल तर ‘पाच म्हणजे चारपेक्षा भारी’ असं समजू नका.

पहिल्या 100 किलोमीटरनंतर हबच्या नटा पुन्हा टॉर्क पान्याने तपासल्या, डावीकडची थोडी फिरली. 500 किलोमीटरला ऑइल काढलं, त्यात बारीक राखाडी साय होती, कपची नव्हती. दोन्ही बॅकप्लेट कोरड्या आहेत. पिनियनच्या सीलशी मात्र अजून एक ओला वलय दिसतो. ते बदलायला नट सोडावी लागेल, आणि आत तीच चेपणारी नळी आहे. सध्या महिन्यातून एकदा पुसतो आणि पातळी बघतो. थेंब जमिनीवर पडायला लागला तर नटची जागा खुणेने टिपून घेऊन ते कामही करीन.